दत्तक लेन्सचा काळा कोपरा

मुलांनो, एक चौकोनी डबा डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटून आणा म्हणणार होतो, पण मग पुढचं वाचणार कसं? तेव्हा एकच डोळा मिटा. फोटो काढणारी माणसं तसंच करतात. आला डबा? आता त्याच्यावर एक गोल झाकण ठेवा. झाकण डब्याइतकंच रुंद असलं तरी चारही कोपरे उघडे राहतात की नाही? बस्स. एवढं ध्यानात ठेवलंत की गोष्ट तुम्हाला निम्मी कळली. मला हे कळायला अख्खा हिवाळा लागला, आणि मी आयुष्यभर शाळेत भूमिती शिकवली आहे.

झालं असं, की माझ्या जुन्या विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून मला कॅमेरा भेट दिला. साधासुधा नव्हे, मिडियम फॉरमॅट डिजिटल. कॅमेऱ्याच्या पोटात जी चौकोनी पाटी असते, जिच्यावर चित्र उमटतं, ती याची चांगली ऐसपैस असते. याने काढलेला फोटो मोठा करत गेलं तर पलीकडच्या तारेवरच्या कावळ्याचा राग सुद्धा दिसतो. मी खोकं उघडलं, कागद बाजूला केले, आणि कॅमेरा दोन्ही हातांनी कपाळाला लावला. माझी बायको मित्सुए चहा घेऊन आली, तिने एक नजर टाकली आणि म्हणाली,

"अहो, याला तोंडच नाहीये."

खरंच नव्हतं. पुढे लेन्सच्या जागी मोठं भोक. विद्यार्थ्यांचा तरी काय दोष? मी वर्गात इतकी वर्षं बढाया मारल्या होत्या की माझ्याकडे लेन्सचं कपाट भरलंय. त्यांनी ते लक्षात ठेवलं. भूमिती नाही ठेवली, हे लक्षात ठेवलं. तरी सांगतो, असे विद्यार्थी मिळायला नशीब लागतं. मी फोन करून एकेकाचे आभार मानले आणि लेन्सचा विषय काढला नाही.

आता लेन्समध्ये दोन जाती. त्या कॅमेऱ्यासाठीच जन्मलेली ती सख्खी लेन्स. तिला कॅमेऱ्याचं मन कळतं, तीच अंतर मोजते, तीच उजेड सांभाळते. दुसरी म्हणजे भलत्याच कॅमेऱ्यासाठी केलेली, पण मध्ये एक धातूचं कडं, ज्याला अ‍ॅडॅप्टर म्हणतात, ते बसवून याच्या गळ्यात बांधलेली. ती दत्तक लेन्स. सख्ख्या लेन्सचा भाव ऐकून मी दुकानातल्या खुर्चीवर न विचारता बसलो होतो, तेव्हा दत्तकच घ्यायचं ठरलं. शिवाय मी स्वतः या घरात दत्तक आलेला जावई. मित्सुएला भाऊ नव्हता, म्हणून लग्नाच्या दिवशी माझं आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवून मी मोमोसे झालो. त्यामुळे दत्तक म्हटल्यावर कोणी नाक मुरडलं तर मला आतून लागतं.

अ‍ॅडॅप्टर आला. कपाटातली एक लेन्स चढवली, कळ दाबली. कॅमेरा ढिम्म. पडद्यावर अक्षरं आली: लेन्स नाही.

"आहे की!" मी म्हटलं.

लेन्स नाही.

"अरे बाबा, तुझ्या नाकावर बसलीये!"

लेन्स नाही. वर्गात एखादा मुलगा पाय आपटून 'मी नाहीच केलं' म्हणतो ना, तसा. दत्तक लेन्सला वाचा नसते, ती आपण आल्याचं कॅमेऱ्याला सांगू शकत नाही. यावर उपाय एकच: आतल्या यादीत खोल कुठेतरी 'लेन्स नसली तरी फोटो काढू दे' अशी परवानगी असते, ती द्यावी लागते. ती मित्सुएला सापडली. मला म्हणाली, "लग्नानंतर पहिली काही वर्षं आमच्या बाबांनी तुमचं असंच केलं होतं, नाही?" मी कॅमेरा पुसत राहिलो.

इथे आमच्या गावाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. गाव जपानमधल्या सुवा तलावाच्या काठचं. एके काळी या काठाने कॅमेऱ्यांचे कारखाने होते, त्यामुळे आमच्या आळीत दर दोन घरं सोडून एक म्हातारा असा, ज्याने जन्मभर लेन्सची काच घासली किंवा जुळवली. दुसऱ्या गावात सर्दी झाली की शेजारी औषधं सुचवतात. आमच्याकडे फोटो हलला की लेन्स सुचवतात. आणि हे सल्ले मिळण्याची जागा म्हणजे आळीचं सामायिक गरम पाण्याचं स्नानगृह. गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसलेल्या माणसाला उठून जाता येत नाही, हे सल्ला देणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं.

"गुरुजी, कुठली लेन्स लावताय?" ओगुचीसाननी (सान म्हणजे राव) पाण्यातून विचारलं. त्यांनी तलावाच्या अलीकडच्या कारखान्यात काच घासली होती.

मी सांगितली.

"छ्या! ती काढा. माझ्याकडे आमच्या कारखान्याची रुंद लेन्स आहे. माझ्या हातची. तिच्यातून बघितलेला माणूस सज्जन दिसतो."

"सज्जन नाही, धुरकट दिसतो," पलीकडून हामासान म्हणाले. ते तलावाच्या पलीकडच्या कारखान्यातले. "गुरुजी, आमची लांब पल्ल्याची लेन्स न्या. काच म्हणजे काच!"

"तुमच्या काचेत बुडबुडे असायचे!"

"तुमच्या कारखान्यात दुपारी झोपायचे!"

दोन्ही कारखाने बंद होऊन जमाना झाला. भांडण मात्र अजून पहिल्या पाळीत होतं. मी दोघांच्याही लेन्स घेतो म्हणालो, दोघांचे आभार मानले, आणि टोमॅटोसारखा लाल होऊन बाहेर पडणार तोच आळीच्या मंडळाचे अध्यक्ष काबुरागीसान आत आले. त्यांच्या डोक्यावर नेहमीसारखा घडी केलेला पंचा. अध्यक्षांचे केस खोटे आहेत हे आळीत सर्वांना माहीत होतं, आणि सर्वांना माहीत आहे हे त्यांनाही बहुधा माहीत होतं, पण त्यावर कोणी कधी शब्द काढला नव्हता. आमच्याकडे शेजारधर्म म्हणतात तो हाच.

"बरे भेटलात, मोमोसे गुरुजी," अध्यक्ष म्हणाले. "येत्या मार्चमध्ये आपली शाळा बंद होतेय. मुलं कमी, ती आता पलीकडच्या शाळेत जाणार. इमारत तशीच राहणार, शेवटचा सामूहिक फोटो तिच्या वऱ्हांड्यात कायमचा लागणार आहे. तुमच्याकडे एवढा मोठा कॅमेरा आलाय, तर फोटो तुम्हीच काढताय, असं मी मुख्याध्यापकांना सांगून टाकलंय."

दरवर्षी हा फोटो स्टुडिओवाल्या हानाओकाबाई काढत. त्यांना विचारलं का, हे विचारायला मी तोंड उघडलं, पण तेवढ्यात अध्यक्ष पाण्यात उतरले होते आणि त्यांचे डोळे मिटले होते.

दुसऱ्या दिवशी आळीत चाचणी. ओगुचीसानची रुंद लेन्स चढवली. मित्सुएला उजव्या कोपऱ्यात उभं केलं, कळ दाबली, पडद्यावर पाहिलं. मधोमध गल्ली झकास, आणि चारही कोपरे शाईच्या दौतीसारखे काळे! गोल झाकण, चौकोनी डबा. लेन्स लहान पाटीसाठी केलेली, तिच्या उजेडाचा गोल या मोठ्या पाटीला पुरत नव्हता.

"मी कुठेय?" मित्सुएने विचारलं.

"कोपऱ्यात आहेस."

"म्हणजे घरातल्यासारखंच."

"कोपरे काळे नाहीयेत," ओगुचीसान म्हणाले, "भावपूर्ण आहेत."

मग हामासानची लांब पल्ल्याची लेन्स. हिचे कोपरे जवळजवळ उजळ, पण हिला फार थोडं दिसतं. सगळ्यांना चौकटीत घ्यायचं तर मागे सरकावं लागतं. मी मागे सरकलो. "अजून थोडं!" हामासान ओरडले. मी अजून सरकलो, कांद्याच्या पातीच्या वाफ्यातून गेलो, "अजून जरासं!" आणि पाटात बसलो. पाणी थंडीने नुकतंच गोठू लागलं होतं. कॅमेरा मी डोक्यावर धरला होता, तो कोरडा राहिला. माझ्या प्रतिष्ठेबद्दल तेवढं सांगता येत नाही. वाफ्याच्या मालकीणबाई धावत आल्या, मला हात देऊन बाहेर काढलं, वर घरून पातीची जुडी आणून दिली. मीच त्यांची पात तुडवली होती हो! अशा माणसांत राहायला मिळतं म्हणून मी रोज सकाळी सूर्याला नमस्कार करतो.

चाचणी पाहायला जमलेल्यांत चिगुसा होती. चौथीतली मुलगी, शाळेच्या वरच्या चढावर तिचं घर. बाकीची मुलं माझ्या ओल्या विजारीला हसत होती, ती पडद्यावरचा काळा कोपरा बघत होती.

"गुरुजी, कोपऱ्यात असलेलं माणूस दिसणारच नाही?"

"दिसेल, दिसेल. काहीतरी करू. का गं?"

"मी नेहमी कोपऱ्यातच असते ना."

मला एकदम आठवलं. आमच्याकडे रीतच आहे: फोटोच्या दिवशी जो गैरहजर, त्याचा चेहरा मागाहून वेगळा काढायचा आणि सामूहिक फोटोत वरच्या कोपऱ्यात, आभाळात, गोल करून बसवायचा. म्हणजे कोणी सुटायला नको. मोठ्या प्रेमाने केलेली सोय आहे ती. पण चिगुसा पहिलीत असताना फोटोच्या दिवशी तिला कांजिण्या, दुसरीत गालगुंड, तिसरीत पाय प्लास्टरमध्ये. तीनही वर्षं ती आभाळात. मुलांनी तिचं नाव चांदोबा ठेवलं होतं.

"चांदोबा तर छान असतो," मी आपलं शिक्षकी सांत्वन केलं.

"छान असतो, पण त्याच्या शेजारी कोणी उभं नसतं," ती म्हणाली. "या वेळी शेवटचा आहे ना फोटो? या वेळी मला खाली उभं राहायचंय. सगळ्यांबरोबर."

मी तिला शब्द दिला. मुलांना शब्द देताना मोठ्यांनी आधी इन्फ्लुएन्झाचा हंगाम पाहावा, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पुढे परवानगी. शाळेच्या आवारात तिपाई रोवायची तर नगरपालिकेतल्या खिडकीवर अर्ज. खिडकीपलीकडचा तरुण फार सभ्य होता, आणि सभ्य माणसापुढे आपलं काही चालत नाही.

"उपकरणाचं नाव एकच लिहायचंय, गुरुजी. तुम्ही दोन लिहिलीत."

"कॅमेरा एकाचा आहे, लेन्स दुसऱ्याची."

"मग उपकरण कोणाचं धरायचं?"

"लेन्स दत्तक आहे हो."

त्याने गंभीरपणे विचार केला. "दत्तक असेल तर घराण्याचंच नाव लागेल. लेन्सचं आधीचं नाव खोडून टाका."

मी खोडलं. मला माझ्या लग्नाचा दिवस आठवला, आणि खोटं कशाला बोलू, त्या लेन्सच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला. परवानगी मिळाली ती मात्र एकाच दिवसाची, एकाच सकाळची. नंतर आवारात बाक हलवणाऱ्यांच्या गाड्या येणार होत्या.

काळ्या कोपऱ्यांवर तोडगाही निघाला. कॅमेऱ्यात अशी एक सोय असते की तो कोपरे सोडून देतो आणि मधला तुकडाच तेवढा घेतो. म्हणजे गोल झाकणाच्या आत मावेल एवढाच डबा. मोठी पाटी असून लहान पाटीचं काम! हवेली बांधून ओसरीवर झोपण्यासारखं. पण मुलं दोन ओळींत मावत होती, ओगुचीसान खूश होते, मी अभिमान गिळला. सगळं जमलं.

आणि चिगुसाच्या आईचा फोन आला. चिगुसाला इन्फ्लुएन्झा.

ताप उतरत होता, पोरगी अंथरुणात बसून पेज खात होती, पण नियम म्हणजे नियम: ताप गेल्यावरही ठरावीक दिवस शाळेच्या आवारात पाऊल टाकायचं नाही. फोटोचा दिवस नेमका त्यात सापडला. मी मुख्याध्यापकांकडे गेलो. ते हळहळले. खिडकीवरच्या तरुणाकडे गेलो. तोही हळहळला, त्याने मला चहा दिला. तारीख कोणालाच हलवता येईना.

"गोल करू की," मुख्याध्यापक म्हणाले. "तिला सवयच आहे म्हणा."

मी आवारात एकटा उभा राहिलो. मुलं जिथे उभी राहणार तिथे पाहिलं, मग सहज मान वर केली. मागे चढ, चढावर घरं, आणि सर्वांत वर उजवीकडे चिगुसाचं घर. माडीची खिडकी थेट शाळेकडे. मी धावत जाऊन कॅमेरा आणला. मागे सरकलो तो व्यायामशाळेच्या भिंतीला पाठ टेकली. त्यापुढे जागाच नाही. पूर्ण पाटी वापरली तर खिडकी चौकटीत येत होती. आणि कुठे येत होती? वरच्या उजव्या कोपऱ्यात. काळ्याकुट्ट कोपऱ्यात. मधला तुकडा घेतला तर खिडकी कापली जात होती, पूर्ण घेतलं तर बुडत होती. हामासानच्या लेन्सला तर निम्मीच ओळ दिसत होती.

आता कोपऱ्यापर्यंत उजेड नेणारी एकच: सख्खी, रुंद लेन्स. आणि ती गावात याच घराण्याचा कॅमेरा वापरणाऱ्या एकाच व्यक्तीकडे होती, ज्यांचं काम मी पाण्यात बसल्याबसल्या हिरावून घेतलं होतं.

हानाओकाबाईंकडे मी घरचं नोझावानाच्या पाल्याचं लोणचं घेऊन गेलो. आमच्या गावात कोणाला नोझावानाचं लोणचं नेणं म्हणजे तलावाला पाणी नेणं, पण हात रिकामा बरा दिसत नाही.

"या, फोटोग्राफर," बाई म्हणाल्या.

मी दारातच कमरेतून इतका वाकलो की पाठ तिथेच अडकली. वाकलेल्या अवस्थेतच सगळी हकिकत सांगितली. खिडकी सांगितली, कोपरा सांगितला, चांदोबा सांगितला. माझ्या पायांजवळच्या फरशीला मी बोलत राहिलो.

"ते तिचे गोल मीच बसवलेत," शेवटी बाई म्हणाल्या. "तीनही. दर वेळी ती स्टुडिओत एकटी येते, एकटी हसते. हसते कसली, दात दाखवते. तुम्हाला वाटतं मला बरं वाटतं?"

त्या आत गेल्या आणि लेन्स घेऊन आल्या. एखादं बाळ द्यावं तशी माझ्या हातात दिली.

"त्या दिवशी मला पलीकडच्या काठावर लग्नाचं काम आहे, नाहीतर मीच आले असते. जवळची मुलं आणि लांबची खिडकी दोन्ही स्पष्ट यायला हवीत, तेव्हा लेन्सचं तोंड बारीक ठेवा. आणि गुरुजी, आता सरळ व्हा."

"होता येत नाहीये," मी म्हटलं.

बाईंनी माझी पाठ चेपून मला सरळ केलं आणि उलट मलाच त्यांच्या घरचं लोणचं बांधून दिलं.

संध्याकाळी स्नानगृहाच्या दारात मी सख्खी लेन्स लावून काबुरागीसानचा सहज एक फोटो काढला. ते पाठमोरे बूट ठेवत होते. पडद्यावर मोठा करून पाहिला. या लेन्सला शेजारधर्म ठाऊक नव्हता. मानेच्या वर, जिथे खोटे केस खऱ्या केसांना भेटत होते, तो सांधा नकाशावरच्या सरहद्दीसारखा स्वच्छ दिसत होता. मी घाईने पुसायला गेलो, पण अध्यक्ष माझ्या खांद्यामागे उभे होते.

त्यांनी वाकून पडदा नीट पाहिला.

"पुढून कसा दिसतो?" त्यांनी विचारलं.

"पुढून काहीच कळत नाही. शपथेवर."

"फोटोत मी पुढूनच उभा राहणार ना?"

"अर्थात! पाठमोरं कोण उभं राहतं!"

"मग ठीक आहे," ते म्हणाले आणि आत गेले.

फोटोची सकाळ उजाडली. ऊन होतं, वारा सुरीसारखा. मुलं दोन ओळींत, मागे शिक्षक, एका टोकाला मुख्याध्यापक, दुसऱ्या टोकाला काबुरागीसान. दत्तक लेन्सचे दोन्ही पालक माझ्या डाव्या-उजव्या बाजूला. त्यांना मी कारण सांगितलं होतं. ओगुचीसान आपली लेन्स खिशात घालून म्हणाले होते, "पोरीसाठी आहे ना? मग आमचा कोपरा काळाच म्हणा, चालेल." त्यावर हामासाननी पहिल्यांदाच मान डोलावली होती.

चिगुसाच्या आईने अट घातली होती: खिडकी एकदाच उघडेन, क्षणभर. बाहेर थंडी आहे. त्यामुळे आधी सगळं सज्ज ठेवलं. मी कर्णा तोंडाला लावला.

"मुलांनो, सगळ्यांनी इकडे, माझ्याकडे बघायचं! हलायचं नाही! चिगुसाची आई, उघडा!"

वर खिडकी सरकली. अंगात जाड कोट, त्याखाली पिवळा पायजमा, अशी चिगुसा दिसली. तिने खाली पाहिलं. आपल्याला सगळे बघतायत अशी बहुधा तिची कल्पना होती. पण तिला दिसल्या नुसत्या पाठी. दोन ओळी पाठी.

ती खिडकीतून अर्धी बाहेर वाकली आणि बसलेल्या घशाने जीव खाऊन ओरडली,

"एऽऽ! मी इथे आहे!"

मुलांनो, तुम्हाला अशी हाक आली तर तुम्ही काय कराल? त्यांनीही तेच केलं. दोन्ही ओळी गर्रकन वळल्या. "चिगुसाऽऽ!" हात वर, टोप्या हवेत. शिक्षक वळले. मुख्याध्यापक वळले. काबुरागीसान सगळ्यांच्या आधी वळले आणि टाचा उंचावून हात हलवू लागले. मी कर्ण्यातून "नाही, नाही!" म्हणालो, आणि त्या दचक्यात माझ्या बोटाने कळ दाबली.

खिडकी बंद झाली. आईने शब्द पाळला.

मग मी सगळ्यांना पुन्हा पुढे वळवून दुसरा फोटो काढला. सगळे चेहरे छान, सगळे हसरे, आणि वर कोपऱ्यात ओढलेला पडदा.

दोन्ही फोटो मोठे छापून शाळेच्या सभागृहात टेबलावर मांडले. आईवडील आले, आळी आली, हानाओकाबाई आल्या. माझी मान खाली. एवढा कॅमेरा, एवढी लेन्स, एवढी परवानगी, आणि हाती काय? गावाच्या पाठी.

"शेवटचा फोटो आहे, चेहरे हवेतच," मुख्याध्यापक समजावत म्हणाले. "दुसराच लावू. त्यात चिगुसाचा गोल बसवू. रीतच आहे."

कोणी नाही म्हणेना. बरोबरच होतं त्यांचं. पण माणसं पहिल्या फोटोवरून हलेनात. एक आई वाकली. "अगं बाई, हा आमचा तेत्सुहेइ! डोक्यावरचे दोन भोवरे बघ." "ही आमची. कोपराला मीच ठिगळ लावलंय." "याचे कान बघा, आजोबांचे कान!" एकही चेहरा नव्हता, आणि एकही मूल अनोळखी नव्हतं. चेहरा होता तो एकच: वर उजव्या कोपऱ्यात, उन्हात, तोंड आ वासून ओरडणारी चिगुसा. दातात पडलेली फट सुद्धा दिसत होती.

"दात दाखवत नाहीये," हानाओकाबाई हळूच म्हणाल्या. "हसतेय."

आणि मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा ओळीच्या टोकाला पोचल्या. उंचावलेल्या टाचा, हलणारा हात, आणि मानेवरची ती सरहद्द. हा फोटो वऱ्हांड्यात लागला तर कायमचा लागणार. कोणी वर पाहीना. हामासानना खोकला आला, ओगुचीसाननी त्यांच्या पायावर पाय दिला.

काबुरागीसान पुढे आले. चष्मा काढला, पुसला, घातला. फोटो जवळून पाहिला. मी मनात म्हटलं, संपलं.

"माझी पाठ अजून एवढी ताठ आहे," ते म्हणाले, "हे मला माहीतच नव्हतं. मुख्याध्यापक, हाच लावा."

मी त्यांच्यापुढे वाकलो. या वेळी पाठ अडकली तरी मला चाललं असतं. माझ्यामागे ओगुचीसान वाकले, हामासान वाकले, आणि मग सगळं सभागृह भरून माणसं वाकली. अध्यक्ष गडबडले, "अहो, काय हे, काय हे," म्हणत त्यांनी हात डोक्याकडे नेला, आणि मध्येच खाली घेतला.

फोटो वऱ्हांड्यात लागला. नियमाचे दिवस सरले तशी चिगुसा शाळेत आली. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. दप्तर पाठीवर, नाक लाल. मी, मित्सुए आणि मुलं वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभे होतो. ती फोटोसमोर थांबली. आधी खालच्या सगळ्या पाठी एकेक करून पाहिल्या, बोटाने कोण कोण ते ओळखलं. मग कोपऱ्यात पोचली.

"अय्या, माझा पायजमा!" ती म्हणाली.

मुलं हसली. ती हसली नाही. दोन पावलं मागे आली. दप्तर उतरवून खाली ठेवलं. मग डावीकडे सरकत सरकत दुसऱ्या ओळीचं टोक जिथे संपतं, बरोबर त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आमच्याकडे पाठ करून, बाकीच्यांच्या रांगेत, त्यांच्यासारखीच. आणि टाचा उंचावून, वर खिडकीतल्या त्या मुलीला तिने जोरजोरात हात हलवला.